दान, मजुरी आणि हक्क : चांद्याच्या जंगलातील बंगाली वसाहती

चामोर्शीहून घोट, मुलचेरा या बाजूस जाणाऱ्या रस्त्यावर गावांची नावे एकाएकी बदलतात. घोट, लगाम, मुलचेरा ही या मातीतली नावे. त्यांच्याच शेजारी विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतिग्राम, सुभाषग्राम अशा पाट्या दिसू लागतात. घरांपुढे पोखर म्हणजे लहान तळे असते. शरद ऋतूत दुर्गापूजेचा मांडव पडतो आणि बाजारात मासळीचा भाव बंगालीत ठरतो. चंद्रपूर शहरातही 'बंगाली कॅम्प' हा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. पण ही माणसे येथे कशी आली, कोणी आणली आणि त्यांना काय दिले, हे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : "सरकारने फुकट जमिनी दिल्या, झाले!"

हे उत्तर आम्हांस नेहमी खटकत आले आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली, आणि जे काही शिकलो ते सभांतून, अहवालांतून व माणसांच्या तोंडून शिकलो. त्या शिक्षणात एक गोष्ट पक्की झाली. माणसाला काय मिळाले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणत्या नात्याने मिळाले हेही पाहावे लागते. तोच रुपया दान म्हणून हातावर पडला तर एक माणूस घडतो, मजुरी म्हणून पडला तर दुसरा घडतो आणि हक्क म्हणून पडला तर तिसराच घडतो. आपल्या जिल्ह्यातील बंगाली वसाहतींचा इतिहास आज या दृष्टीने तपासून पाहू.

एक फाळणी, दोन मापे

१९४७ साली देशाची फाळणी झाली ती दोन टोकांना. पश्चिमेकडे पंजाब आणि सिंध, पूर्वेकडे बंगाल. पश्चिमेकडचे स्थलांतर एखाद्या पुरासारखे आले आणि काही महिन्यांत ओसरले. पूर्वेकडचे स्थलांतर मात्र भरतीसारखे होते. ते येई, थांबे आणि पुन्हा येई. खुलना जिल्ह्यात हिंदूंची संख्या किंचित अधिक असूनही तो पाकिस्तानात गेला. तेथील, तसेच बारिसाल, फरिदपूर, जेसोर येथील शेतकरी व कोळी पहिल्या लाटेत फारसे निघालेच नाहीत. ज्याचे पोट जमिनीत व नदीत असते, तो सहजासहजी उठत नाही. पण एकेका दंगलीसरशी तेही निघत गेले. १९५८ पर्यंत पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांची संख्या सुमारे ४१ लाखांवर गेली होती.

सरकारने दोन्हीकडील निर्वासितांना मदत केली हे खरे. परंतु ती दोन निराळ्या मापांनी केली. पश्चिमेकडून आलेल्यांसाठी १९५४ साली नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा झाला. तिकडे सोडून आलेल्या मालमत्तेचा दावा सिद्ध केला की त्यापोटी येथे भरपाई मिळे. ही भरपाई येथून गेलेल्या मुसलमानांच्या मालमत्तेतून उभ्या केलेल्या निधीतून दिली जाई. म्हणजे निर्वासित हा दावेदार होता. पूर्वेकडच्यांसाठी असा कायदा झाला नाही. ८ एप्रिल १९५० रोजी नेहरू व लियाकत अली यांच्यात दिल्लीत करार झाला. त्यात निर्वासितांचा आपल्या मूळ मालमत्तेवरील हक्क कायम राहील आणि ते परत जाऊ शकतील, असे धरले होते. कागदावर हक्क राहिला. गेलेली जमीन मात्र परत मिळाली नाही आणि तिची भरपाईही मिळाली नाही. पूर्वेकडचा निर्वासित त्यामुळे दावेदार ठरला नाही; तो अर्जदार झाला. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ आम्हांस येथे दिसते.

आपल्या महाराष्ट्रात पश्चिमेकडचे उदाहरण म्हणजे उल्हासनगर. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसली. बराकींतले हाल थोडे नव्हते. परंतु मुंबईची बाजारपेठ रेल्वेच्या अंतरावर होती आणि व्यापाराची विद्या त्या लोकांच्या अंगात होती. बराकीतच कारखाने उभे राहिले.

दुसरे उदाहरण दिल्लीजवळच्या फरिदाबादचे आहे आणि आम्हां कामगारांस ते अधिक जवळचे वाटते. वायव्य सरहद्द प्रांतातील निर्वासितांसाठी १९४९ मध्ये तेथे नवे नगर बांधावयाचे ठरले. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले. हे काम ठेकेदाराला न देता निर्वासितांनाच द्यावे, असा आग्रह धरण्यात आला. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाने त्यात पुढाकार घेतला. ज्यांनी कधी थापी हाती धरली नव्हती त्यांनी आपली घरे व रस्ते स्वतः बांधले आणि त्याची मजुरी घेतली. सरकारचा पैसा खर्च झालाच, पण तो डोळे खाली घालून घ्यावा लागला नाही.

दंडकारण्य आणि माना

पूर्वेकडच्यांच्या वाट्याला मात्र छावणी आली. पश्चिम बंगालमध्ये जागा उरली नाही असे ठरले, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये केंद्र सरकारने दंडकारण्य प्रकल्प स्थापन केला. तेव्हाच्या मध्यप्रदेशातील बस्तर आणि ओरिसातील कोरापुट व कलहंडी हे त्याचे क्षेत्र. आपल्या गडचिरोलीच्या सरहद्दीला लागून असलेले बस्तरचे परळकोट हा त्यातलाच एक विभाग. देशाचे पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे काही काळ या प्रकल्पाचे अध्यक्ष होते. यावरून सरकारने हे काम किती मोठे मानले होते याची कल्पना यावी.

२७ डिसेंबर १९६३ रोजी श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र केस नाहीसा झाला. त्याचा वणवा हजार कोसांवरच्या खुलन्यात पेटला. जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंज येथे भीषण दंगली झाल्या आणि त्या एका वर्षात सहा लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. १ जानेवारी १९६४ नंतर येणाऱ्यांसाठी सरकारने एक अट घातली. बंगालबाहेर जाण्यास तयार असाल तरच मदत मिळेल; बंगालमध्येच राहावयाचे असेल तर आपले आपण पाहा. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांना निवड कसली? आगगाड्या भरून माणसे रायपूरजवळच्या माना येथील छावण्यांत आणली गेली.

माना हे वाट पाहण्याचे गाव होते. शिधा ठरलेला, रोख भत्ता ठरलेला. त्या भत्त्याला 'डोल' म्हणत. हा डोल उपासमारीपासून वाचवी, म्हणून त्याची निंदा करणे आम्हांस पसंत नाही. परंतु धडधाकट शेतकऱ्याला महिनेन् महिने, कधी वर्षानुवर्षे रांगेत उभे ठेवले की त्याच्या हातांची सवय जाते. गिरणी बंद पडल्यावर आमच्या कामगारांच्या घरांत हेच घडताना आम्ही पाहिले आहे. पहिल्या महिन्यात माणूस काम शोधतो. सहाव्या महिन्यात तो कोणी काय देते ते शोधतो. दोष त्याचा नसतो. ज्या दारी उभे केले त्या दाराचा तो गुण असतो.

चांद्यात आगमन

आपला चांदा जिल्हा दंडकारण्य प्रकल्पाच्या अधिकृत क्षेत्रात नव्हता. तथापि १९६४ नंतरच्या लोंढ्याला जागा करून देण्याची जबाबदारी निरनिराळ्या राज्यांनी उचलली आणि महाराष्ट्राने त्यासाठी या जिल्ह्याच्या पूर्वेकडील जंगल निवडले. तेव्हा गडचिरोली हा निराळा जिल्हा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या कुशीतले हे रान सागाचे व बांबूचे. मुख्यतः गोंड आणि माडिया यांची वस्ती असलेल्या या भागात जमीनदारी जाऊन तेव्हा अवघी दहाबारा वर्षे झाली होती.

अशा वसाहतींचा साचा सगळीकडे साधारण सारखाच होता. आधी झाडे तोडावयाची, बुंधे उपसावयाचे, मग शेताचे पट्टे आखावयाचे. कुटुंबाला काही एकर जमीन व घरापुरती जागा द्यावयाची. बैल, अवजारे व बियाणे यांसाठी कर्ज आणि पहिले पीक हाती येईपर्यंत निर्वाहभत्ता. त्याबरोबर विहीर, शाळा, दवाखाना. कागदावर ही योजना उत्तम होती. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणारा इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. हा पाया नसता तर या वसाहती उभ्याच राहिल्या नसत्या.

पण ज्याच्यासाठी योजना त्याच्या डोळ्यांनी ती पाहा. खुलन्याचा शेतकरी चिखलातला माणूस. त्याची जमीन गाळाची, सपाट आणि ओलीचिंब. वाहन होडी, शेजारी नदी. त्याला आणून सोडले ते मुरमाड चढउतारावर, जेथे पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने नदी वाळूत लपते. नांगराला दगड लागे. हिवतापाने घरे ओस पडत. संध्याकाळनंतर अस्वल व वाघ यांच्या भीतीने कोणी बाहेर पडत नसे. आणि भोवतालच्या माणसांशी बोलावयाचे तर गोंडी येत नाही, मराठी येत नाही.

मग ते टिकले कसे? आमच्या मते याची कारणे तीन. पहिले, भात. पूर्व विदर्भ हा धानाचाच मुलूख आहे आणि रोवणी ही विद्या त्यांच्या हाडीमाशी होती. बांध घालून पाणी अडविणे, चिखलणी करणे, रोप उपटून ओळीने लावणे या कामांत त्यांना कोणाच्या शिकवणीची गरज नव्हती. दुसरे, पाणी व मासे. आमच्याकडे मालगुजारी तलावांची व बोड्यांची जुनी परंपरा होतीच. बंगाली शेतकऱ्याने घरापाशी खड्डा खणला, त्यात पावसाचे पाणी साठविले आणि मत्स्यबीज सोडले. त्याच पाण्यावर भाजीपाला काढला. तिसरे कारण, सारी माणसे गावागावाने एकत्र बसली. माणूस एकटा असला म्हणजे निर्वासित असतो. पन्नास घरे एकत्र आली की गाव होते, पंच होतात, पूजा होते, शाळेची मागणी होते. पुढे दिना नदीवर रेगडी येथे कन्नमवार जलाशय झाला. त्याच्या पाण्याने चामोर्शीच्या बाजूची शेती कशी पालटली, हे त्या भागातून हिंडणाऱ्यास सांगावे लागत नाही. ज्या मारोतराव कन्नमवारांचे नाव त्याला आहे ते याच जिल्ह्यातून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेले आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये, म्हणजे या लोंढ्याच्या अगदी तोंडावर, त्यांचे निधन झाले.

यातून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सरकारची मदत जेथे माणसाच्या अंगच्या विद्येला जाऊन मिळाली तेथे ती रुजली. जेथे ती जमिनीचा कस न पाहता केवळ आकडा पुरा करण्यासाठी दिली गेली तेथे ती वाहून गेली. दंडकारण्य प्रकल्पाचे एक अध्यक्ष शैबालकुमार गुप्त यांनी पद सोडल्यावर १९६५ साली या प्रकल्पाची परखड तपासणी लिहून प्रसिद्ध केली. अनेक गावांना निकृष्ट जमीन दिली गेली आणि पाण्याची सोयच नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. आतल्याच माणसाने दिलेला तो इशारा होता. त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

त्याची किंमत पुढे कळली. १९७८ च्या आरंभी दंडकारण्यातून हजारो कुटुंबे भांडीकुंडी विकून पुन्हा बंगालकडे निघाली. त्यांतील काही हजार सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर जाऊन बसली. तेथे त्यांनी कोणाचीही मदत न मागता घरे, शाळा, बांध उभे केले. परंतु ते बेट राखीव जंगलाचे होते. जानेवारी १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला आणि मे महिन्यात पोलिसांकरवी वसाहत उठविण्यात आली. किती माणसे मेली यावर आजही वाद आहे. एकाच देशात, एकाच माणसाला दोनदा निर्वासित व्हावे लागले, हे मात्र वादातीत आहे. ज्याला पोट भरण्यापुरते दिले पण बोलण्याचा अधिकार दिला नाही, तो शेवटी पायांनीच बोलतो.

दुसरी बाजू

आता जी गोष्ट शहरातील सभांतून सहसा बोलली जात नाही तीही बोलली पाहिजे. हे जंगल रिकामे नव्हते. नकाशावर जेथे पडीक असे लिहिलेले असते तेथे गोंडाची गाय चरते, मोहाची फुले वेचली जातात, तेंदूपत्ता तोडला जातो, बांबू मिळतो. यालाच आपल्याकडे निस्तार म्हणतात. आदिवासींजवळ त्याचा कागद नव्हता. त्यामुळे जंगल साफ झाले तेव्हा त्यांचे काय गेले हे कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही. दंडकारण्य प्रकल्पात साफ केलेल्या जमिनीपैकी एक चतुर्थांश आदिवासींसाठी ठेवावी असे धोरण होते. म्हणजे त्यांचाही काही वाटा आहे हे सरकारला कळत होते. परंतु आपलेच रान तोडून त्यातला चौथा हिस्सा आपल्याला परत मिळणे, याला न्याय म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

एका बेघराला घर देताना दुसऱ्याच्या अंगणातली जागा द्यावयाची आणि मग दोघांना एकमेकांकडे संशयाने पाहावयास लावावयाचे, हा प्रकार आम्हांस अपरिचित नाही. कारखान्यात जुना कामगार आणि नवा बदली कामगार यांच्यात हेच होते. भांडण त्या दोघांत लागते आणि ज्याने ही मांडणी केली तो बाजूला राहतो. आमच्या जिल्ह्यात हे भांडण पेटले नाही त्याचे श्रेय दोन्हीकडच्या गरीब माणसांना आहे. बाजार, शेतमजुरी आणि आठवड्याचा हाट यांनी ते जोडले गेले. नव्या पिढीचा बंगाली मुलगा आज मराठी सहज बोलतो.

आदिवासींचा कागद अखेर झाला, पण फार उशिरा. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या बांबूसाठी पूर्वी मजूर म्हणून राबावे लागे त्याचा व्यवहार पुढे ग्रामसभा करू लागली. मदतीचे हक्कात रूपांतर झाले म्हणजे काय होते, याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे.

अपुरे राहिलेले काम

बंगाली वसाहतींच्या बाबतीत हे रूपांतर अर्धेच झाले आहे. जमीन मिळाली, पण सरकारी अनुदानाने दिलेली जमीन आपल्या महसुली पद्धतीत साधारणतः भोगवटादार वर्ग २ म्हणून लागते. ती विकावयाची किंवा तिचा प्रकार बदलावयाचा तर परवानगीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ज्याच्या आजोबाने बुंधे उपसले त्या नातवाची मालकी अशी सशर्त राहते. जो वनहक्क कायदा गोंडास उपयोगी पडला तो यांच्या कामाचा नाही. बिगर आदिवासींसाठी त्यात २००५ पूर्वी तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास लागतो, आणि हे लोक आले १९६४ नंतर.

त्याहून दुखरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. या वसाहतींतील बहुसंख्य लोक नमशूद्र व तत्सम समाजांचे. पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र ही अनुसूचित जात आहे. परंतु आपल्याकडे अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार आहेत आणि महाराष्ट्राच्या यादीत नमशूद्र हे नाव नाही. सरकारने स्वतः आगगाडीत बसवून ज्याला राज्याची सीमा ओलांडवली, त्याची अस्पृश्यता सीमेवर गळून पडली असे सरकारनेच धरले! दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही आणि राखीव जागाही नाही.

येथे इतिहासाची एक आठवण द्यावीशी वाटते. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकर मुंबईतून घटना समितीवर जाऊ शकले नाहीत. ते निवडून आले बंगालच्या विधिमंडळातून, आणि त्यासाठी झटले ते नमशूद्रांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल. हेच मंडल पुढे पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या चांद्यात धम्मदीक्षा दिली. ज्या समाजाच्या प्रतिनिधींनी बाबासाहेबांना घटना समितीत पाठविले, त्याच समाजाची मुले त्याच चांद्याच्या मुलखात घटनेने दिलेल्या सवलतीसाठी दारोदार फिरतात. श्रोत्यांनी याचा विचार करावा.

काय मागावे

निर्वासितांना मदत करावी की न करावी, हा प्रश्नच नाही. केलीच पाहिजे. आज धरणे, खाणी व अभयारण्ये यांपायी आपल्याच जिल्ह्यांतील गावे उठतात आणि त्यांनाही पुनर्वसन हाच शब्द लावला जातो. म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही. त्यातून आम्ही तीन कसोट्या काढतो. एक, मदतीला मुदत असावी आणि मुदतीच्या शेवटी विनाअट मालकीचा कागद हाती पडावा. दोन, जमीन देण्यापूर्वी तिचा कस व पाणी पाहावे, आणि ते पाहताना ज्याला तेथे राहावयाचे आहे त्याला बरोबर न्यावे. तीन, नव्याला देताना जुन्याचे काय जाते ते त्याच वहीत, त्याच पानावर लिहावे आणि त्याचीही भरपाई करावी.

या तिन्ही गोष्टी सरकार आपण होऊन करील अशी आमची समजूत नाही. किमान वेतनही आपण होऊन कोणी दिले नव्हते. मुलचेऱ्याच्या बंगाली शेतकऱ्याने मालकीचा व दाखल्याचा अर्ज करावा, धानोऱ्याच्या गोंडाने रानाचा हिशेब मागावा आणि चंद्रपूरच्या सुशिक्षिताने "फुकट जमिनी" हे शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा त्या गावांत जाऊन यावे. सध्या हे तीन अर्ज तीन निरनिराळ्या टेबलांवर पडून आहेत. ते एका सभेत, एका ठरावात यावेत यासाठी खटपट करणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे, आणि त्याला आपले साह्य हवे आहे.